इंदूर-महेश्वर-मांडव: आधी मुक्काम ठरवा

महाराष्ट्रातून इंदूरला येणाऱ्यांचा बेत बहुधा एकाच साच्याचा असतो. हॉटेल चारही रात्री इंदुरात, आणि तिथून एक दिवस उज्जैन, एक दिवस ओंकारेश्वर, एक दिवस महेश्वर-मांडव. नकाशावर हे फार सोयीचं दिसतं. प्रत्यक्षात रोजचे चार-पाच तास गाडीत जातात, महेश्वर भर उन्हात पाहिलं जातं आणि सराफ्यात, म्हणजे इंदुरातल्या राजवाड्याजवळच्या रात्रीच्या खाऊबाजारात, पोचेपर्यंत मुलं पेंगायला लागलेली असतात.

आमचं इंदूर जागं असतं ते सकाळी पोह्यांच्या वेळेला आणि रात्री दहानंतर. महेश्वरचा घाट पाहावा तो उजाडताना किंवा दिवेलागणीला. दोन्हीकडे दुपार ही बिनकामाची वेळ, म्हणून प्रवास दुपारी करायचा आणि मुक्काम जिथली संध्याकाळ हवी तिथे. चार रात्री हाताशी असतील तर एक महेश्वर, एक मांडव, दोन इंदूर. तीनच असतील तर मांडवची रात्र गाळा, महेश्वरची नको.

क्रमही उलटा ठेवा: महेश्वर आधी, इंदूर शेवटी. स्वतःच्या गाडीने नाशिक-धुळ्याकडून येणाऱ्यांना तर याचं गणित सरळ आहे. आग्रा रोडने बिजासन घाट, सेंधवा, मग खलघाटला नर्मदेचा पूल आणि पुढे धामनोद. तिथून उजवीकडे वळलं की महेश्वर १३-१४ किलोमीटर. इंदूर अजून ७५ किलोमीटर पुढे. आधी इंदूर गाठून मग महेश्वरला परत खाली उतरणं म्हणजे तोच रस्ता दोनदा. मुंबईहून अवंतिका एक्सप्रेसने आलात तर सकाळी इंदुरात उतरा, पोहे खा आणि निघा. अडीच तास धरा. सामान घेऊन शहर फिरण्यापेक्षा हे बरं, कारण हॉटेलची खोली दुपारी बारापर्यंत मिळत नाही.

टॅक्सी ठरवताना एक हिशेब नीट बघा. बाहेरगावच्या गाडीला साधारणपणे दिवसाला किमान २५० किलोमीटरचं भाडं लागतं, शिवाय ड्रायव्हरचा भत्ता. इंदूर-महेश्वर ९०-९५, महेश्वर-मांडव ४०-४५, मांडवहून धारमार्गे इंदूर ९५-१००. सगळं मिळून २४०च्या आसपास. म्हणजे मांडवची रात्र गाळली तरी दोन दिवसांचे पैसे ५०० किलोमीटरचे द्याल आणि गाडी त्याच्या निम्मीच फिरेल. घरात ज्येष्ठ मंडळी असतील आणि ज्योतिर्लिंग हवंच असेल, तर हे उरलेले किलोमीटर ओंकारेश्वरला वापरा: इंदूर-ओंकारेश्वर ८०, तिथून महेश्वर साधारण ६५. अंतरात बसतं. मात्र त्या दिवशी सकाळी लवकर निघा, नाहीतर महेश्वरची संध्याकाळ हातची जाते. बसने जायचं तर एवढं लक्षात ठेवा, की मध्यप्रदेशात आपल्यासारखी एसटी नाही. बस खासगी असतात, वेळापत्रक कंडक्टरच्या तोंडी. धारच्या बस गंगवाल स्टँडवरून सुटतात. महेश्वरसाठी थेट बस मिळाली नाही तर धामनोदला उतरून दुसरी पकडायची.

महेश्वरात उतरायचं ते किल्ल्याच्या किंवा घाटाच्या जवळ, पायी जाता येईल असं. अहिल्याबाईंनी १७६७ ते १७९५ इथून राज्य चालवलं. राजवाड्यातली त्यांची गादी पाहून चकित होऊ नका, ती अगदी साधी आहे. सूर्यास्ताच्या तासभर आधी नाव घ्या. नदीच्या मधोमध बाणेश्वराचं देऊळ आहे, तिथपर्यंत जाऊन यायला तेवढा वेळ पुरतो. भाडं नावेचं की माणशी, हे बसण्याआधीच बोलून घ्या आणि लाइफ जॅकेट मागून घ्या. पाण्यालगतच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. पाय घसरतो तो तिथेच, आणि पुढे खोली एकदम वाढते. समोरच्या काठावर नवदाटोली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने सांकलियांच्या नेतृत्वाखाली १९५०च्या दशकात ताम्रपाषाणयुगीन वस्ती उकरली ती इथली. पाहण्याजोगं फारसं शिल्लक नाही, पण नावेतून तिकडे बोट दाखवण्याइतकं पुण्याचं नातं आहे.

साडी घ्यायची तर माग चालू असताना दिवसा घ्या. अस्सल महेश्वरी बहुतेक वेळा रेशमी ताणा आणि सुती बाणा अशी असते. काठाला बुगडी म्हणतात, आणि त्यामुळे साडी दोन्ही बाजूंनी नेसता येते. काठावरची ईंट, चटाई, लहर ही नक्षी किल्ल्याच्या आणि घाटाच्या दगडातलीच आहे, तेव्हा आधी किल्ला नीट बघून मग दुकानात शिरा. यंत्रमागाची साडीही याच नावाने विकली जाते. हातमागाची हवी असेल तर तसं स्पष्ट विचारा, बिलावर लिहून घ्या.

दुसऱ्या दिवशी मांडव. इथे तीन तिकिटं वेगवेगळी लागतात: जहाज महालाचा शाही परिसर, होशंगशहाचा मकबरा, आणि दक्षिण टोकाचा रूपमती मंडप. शेवटचा गावापासून पाच-सहा किलोमीटर दूर आहे, तो धरून सगळ्याला सहा तास द्या. रूपमतीवरून खालचा निमाडचा सखल मुलूख आणि स्वच्छ हवेत नर्मदेची रेघ दिसते. संध्याकाळ उत्तम, पण मग मुक्काम मांडवलाच हवा. त्याच रात्री इंदूरला जायचं असेल तर रूपमती आधी आटपून चारच्या आत निघा. धारपर्यंतचा रस्ता वळणांचा आहे, आणि पावसाळ्यात धुक्यात गाडी रांगते. जेवणात दालपानिये मागा: पानांत गुंडाळून गोवऱ्यांवर भाजलेले मक्याचे पानिये आणि डाळ. करायला वेळ लागतो, म्हणून फिरायला जाताना सांगून ठेवायचं. चिंचेच्या नावाने विकतात ती मोठी, मखमली सालीची फळं गोरखचिंचेची. इथे तिला खुरासानी इमली म्हणतात.

हंगामाचा पेच खरा आहे. मांडव खुलतं ते जुलै ते सप्टेंबर, तलाव भरल्यावर. तेव्हाच नर्मदा फुगते, वरच्या धरणातून पाणी सोडलं की घाट बुडतात आणि नावा बंद होतात. शिवाय शनिवार-रविवारी मांडवच्या अरुंद रस्त्यावर गाड्या अडकतात, तेव्हा पावसाळ्यात मधल्या वारीच जा. डिसेंबर-जानेवारीत महेश्वर सुरेख, मांडव थोडं कोरडं, आणि सराफ्यात गराडू (तळलेला कंद) मिळतो, जो हिवाळ्यातच मिळतो. निवडायचंच तर हिवाळा. एप्रिल-मे विसरा. श्रावणातल्या सोमवारी उज्जैन-ओंकारेश्वरच्या वाटेला जाऊ नका. उज्जैन तर मुळात या बेतात कोंबूच नका. महाकालाच्या पहाटेच्या भस्मारतीचं आरक्षण आधी करावं लागतं आणि त्यासाठी वेगळी रात्र लागते.

आता इंदूर. हॉटेल विजयनगरला स्वस्त आणि नवं मिळतं, पण राजवाडा तिथून सहा-सात किलोमीटर. सराफ्यातून रात्री एकला परतायचं असेल तर स्टेशन किंवा पलासिया बाजू बरी. सराफ्यात आठला गेलात तर ठेले मांडताना दिसतील. दहानंतर जा, जेवून जाऊ नका, गाडी नेऊ नका. दोघांत एक प्लेट घ्या, नाहीतर तिसऱ्या ठेल्यावरच हात टेकाल. भुट्टे का कीस (किसलेल्या मक्याचा), दहीवडा, गराडू, मग गोड. शनिवारची रात्र टाळा. छप्पन दुकानं ही खाण्याची गल्ली मात्र दिवसाही चालू असतात, त्यामुळे ती शेवटच्या दिवसासाठी ठेवा. राजवाडा आणि लालबाग महाल सोमवारी बंद. रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते तेव्हा राजवाड्याच्या आसपासचे रस्ते बंद असतात आणि रंग कुणालाच सोडत नाही. ती पाहायला यायचं तर त्यासाठीच या.

परतीची अवंतिका दुपारनंतर सुटते, म्हणजे शेवटची सकाळ मोकळी. शेव आणि जिरावन (पोह्यांवर भुरभुरायचा मसाला) तेव्हा घ्या, शेव त्या दिवशीची ताजी मागा, आणि जिरावनची पुडी वेगळ्या पिशवीत बांधा. तिचा वास कपड्यांना लागतो.