जनगणनेच्या अर्जातले नाते

सोल, रविवार, २६ ऑक्टोबर २०२५

आज दुपारी आम्ही जनगणनेचा अर्ज भरला. कोरियात दर पाच वर्षांनी जनगणना होते, तिची सविस्तर प्रश्नावली पाचांतल्या साधारण एका घराच्या वाट्याला येते, आणि यंदा ती आमच्याकडे आली. घरात माणसे किती आणि ती कुटुंबप्रमुखाची कोण लागतात, हे प्रश्न पूर्वीपासूनचेच आहेत. नवे एवढेच, की दोघेही पुरुष असले किंवा दोघीही स्त्रिया असल्या, तरी आता नात्याच्या रकान्यात ‘जोडीदार’ हे उत्तर देता येते. २०२० साली असे उत्तर भरले की संगणक ते चुकीचे ठरवून नाकारत असे.

घर माझ्या जोडीदाराच्या नावावर भाड्याने घेतलेले असल्यामुळे कुटुंबप्रमुख तो. माझे नाव, जन्मसाल, राष्ट्रीयत्व हे सगळे त्याने फोनवर भराभर भरले आणि नात्याच्या रकान्यापाशी आल्यावर त्याचा अंगठा थांबला. हिशेब तपासण्याच्या नोकरीत तो दिवसभर असले रकाने न अडखळता भरतो. ‘हे कोण वाचणार?’ असे त्याने विचारले. जनगणनेतली वैयक्तिक माहिती गुप्त राखणे कायद्याने बंधनकारक आहे, हे त्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे, तरीही ते कोणाच्या तरी तोंडून ऐकण्याची त्याला गरज वाटली. मी सांगितले. मग त्याने ‘जोडीदार’ निवडले, अर्ज पाठवला, आणि नेहमीप्रमाणे रविवारचा फोन करून आईशी अर्धा तास गप्पा मारल्या. त्या गप्पांत या अर्जाबद्दल त्याने अवाक्षर काढले नाही.

या एका खुणेने कोणताही हक्क मिळत नाही, हे मला नीट कळते. कोरियात दोन पुरुषांचे लग्न कायद्याला मान्य नाही. किम जो ग्वांग-सू या चित्रपट दिग्दर्शकाने आपल्या जोडीदाराशी सप्टेंबर २०१३ मध्ये सोलमधल्या छंग्येछन ओढ्याकाठी सर्वांसमक्ष लग्न केले, पण त्याची नोंदणी नाकारण्यात आली आणि २०१६ साली न्यायालयानेही दाद दिली नाही. गेल्या वर्षी ऑक्टोबरात ११ जोडपी याच मागणीसाठी पुन्हा न्यायालयात गेली आहेत. आजवर खरोखर पदरात पडले ते एकच: सो सोंग-उक आणि किम योंग-मिन या दोन पुरुषांच्या जोडप्याच्या खटल्याचा निकाल. २०२० मध्ये यांच्यापैकी एकाचे नाव राष्ट्रीय आरोग्य विम्यात दुसऱ्याचा अवलंबित म्हणून नोंदवले गेले होते. त्याची बातमी होताच ती नोंद चुकून झाल्याचे सांगून रद्द करण्यात आली आणि सो यांच्या नावाने ८,५६० वॉनच्या हप्त्याची मागणी आली. दोन माणसांच्या साध्या जेवणालाही इतके पैसे पुरत नाहीत, पण त्यासाठी ते दोघे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १८ जुलै २०२४ रोजी जिंकले. तो निकाल आम्ही दोघांनी आपापल्या कामाच्या ठिकाणी फोनवर वाचला होता. घरी आल्यावर त्याने मला दारातच मिठी मारली आणि बूट काढायचेही त्याला सुचले नाही. कोरियन माणूस बूट घालून घरात पाऊल टाकतो, तेव्हा काय झाले असेल ते इथे राहिलेल्यांना कळेल.

त्या निकालाच्या आणि प्रस्तावित भेदभावविरोधी कायद्याच्या विरोधात प्रोटेस्टंट चर्चांनी २७ ऑक्टोबर २०२४ रोजी सोलमध्ये प्रचंड प्रार्थनासभा घेतली. उद्या त्याला वर्ष होईल. त्या दिवशी देगूहून, म्हणजे त्याच्या आईवडिलांच्या शहरातून, आलेल्या बसगाड्यांपैकी एकीत त्याचे वडील होते. ते आपल्या चर्चच्या कारभारी मंडळींपैकी एक आहेत, आयुष्यभर एकाच कारखान्यात त्यांनी इमानाने नोकरी केली आहे, आणि शेजाऱ्यापाजाऱ्याच्या अडीनडीला सर्वांत आधी धावून जाणारा मनुष्य म्हणून गल्लीत त्यांचे नाव आहे. सभा संपल्यावर त्यांनी मुलाला फोन केला. आलोच आहे तर तुझ्याबरोबर जेवतो, असे म्हणाले.

दोघे सोल स्थानकाजवळ सल्लंगथांग, म्हणजे बैलाच्या हाडांचा पांढरा रस्सा, खायला बसले. वडिलांनी आपल्या वाडग्यातले मांसाचे तुकडे चॉपस्टिकने उचलून एकेक करून याच्या वाडग्यात टाकले, तू वाळला आहेस म्हणाले, हिवाळ्यासाठी चांगला कोट घे असे सांगून पैशांचे पाकीट पुढे सरकवले. नंतर अगदी सहज त्यांनी सांगितले, की आज आम्ही सगळ्यांनी तुमच्या पिढीसाठी प्रार्थना केली. याने मान झुकवून आभार मानले. बस सुटेपर्यंत तो फुटपाथवर उभा होता आणि वडील खिडकीतून, जा आता, थंडी आहे, अशी खूण करत होते. घरी येऊन त्याने हे सगळे मला क्रमाने, एकही गोष्ट न गाळता सांगितले. त्या पैशांचा कोट त्याने अद्याप घेतलेला नाही.

त्या रात्रीपासून माझ्या मनात एक गोष्ट पक्की होत गेली आहे. वडिलांची माया खरी आहे, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण ही माया ज्या मुलावर आहे, त्याचे अर्धे आयुष्य त्यांना ठाऊकच नाही. त्यामुळे ती कितीही मिळाली तरी त्याला लाभत नाही. वाडग्यात पडणारा प्रत्येक तुकडा पाहून त्याच्या मनात एकच प्रश्न उभा राहतो, की सगळे कळल्यावरही हे हात असेच पुढे येतील का. कोरियन समाजात समलिंगी तरुणाला प्रेम मिळत नाही, असे बाहेरून पाहणाऱ्याला वाटते. प्रेम मिळते. आईवडिलांचे मिळते, मित्रांचे मिळते, आणि मला वाटते माझेही त्याला मिळाले आहे. मात्र एका ठिकाणचे प्रेम दुसऱ्या ठिकाणी कळू नये, याची राखण त्याला जन्मभर करावी लागते, आणि त्या राखणीतच त्याचा जीव दमून जातो.

ही राखण तो घरात शिकला, पण तिला धार आली ती लष्करात. इथे प्रत्येक सुदृढ तरुणाला सक्तीची लष्करी सेवा करावी लागते. सामान्य नागरिकांसाठी समलिंगी संबंध हा कोरियात गुन्हा नाही. लष्करी फौजदारी कायद्याच्या कलम ९२-६ नुसार मात्र सैनिकाला त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. २०१७ साली, हा बराकीत असताना, लष्कराने समलिंगी सैनिकांचा शोध सुरू केला, संशयितांचे फोन तपासून त्यांतून पुढची नावे काढली गेली, आणि एका कॅप्टनला सहा महिन्यांची स्थगित शिक्षा झाली. ती बातमी बराकीतल्या दूरदर्शनसंचावर लागली असताना आजूबाजूचे सगळे हसत होते, आणि आपणही हसलो, हे त्याने मला सांगितले तेव्हा आमची ओळख होऊन बरेच दिवस झाले होते. पुढे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की छावणीबाहेर, कामाच्या वेळेबाहेर, दोघांच्या संमतीने झालेल्या संबंधांना हे कलम लावता येणार नाही. तरी २०२३ मध्ये घटना न्यायालयाने ते कलम वैधच ठरवले. आजही दर वर्षी विशीतली मुले ते डोक्यावर घेऊन भरती होतात, आणि त्यांतल्या कित्येकांनी कोणाचा हातही हातात घेतलेला नसतो.

मे २०२० मध्ये सोलच्या इथेवॉन भागातल्या क्लबांतून करोना पसरला, तेव्हा तो नुकताच नोकरीला लागला होता. एका वृत्तपत्राने मथळ्यातच ‘समलिंगी क्लब’ असे छापले, आणि मोबाइल टॉवरच्या व कार्डाच्या नोंदींवरून तिथे गेलेल्यांचा माग काढला जाऊ लागला. नाव न सांगता चाचणी करून घेण्याची सोय सोल महापालिकेने केली, हे मात्र आठवणीने लिहिले पाहिजे, कारण त्यामुळे अनेक जण पुढे आले. हा त्या क्लबांत गेलेलाही नव्हता, तरी कितीतरी दिवस कार्यालयात फोन वाजला की त्याच्या पोटात गोळा येत असे.

आम्ही भेटलो ते सोलच्या जोंगनो भागात. वाद्यांच्या दुकानांनी भरलेल्या नागवॉन इमारतीच्या मागच्या गल्ल्यांत आणि जोंगनो ३-गा स्थानकाबाहेरच्या ताडपत्रीच्या टपऱ्यांत समलिंगी पुरुष कित्येक दशकांपासून जमत आले आहेत. इथेवॉन तरुणांचे, जोंगनो थोराड मंडळींचे, असा समज आहे, पण मला जोंगनोच आवडते. तिथे एक साठीचे गृहस्थ येतात, सगळे त्यांना मोठा भाऊ म्हणून ‘ह्यंग’ म्हणतात, आणि ते नवख्या पोरांना स्वतःच्या पैशाने अंड्याचा रोल खाऊ घालतात. त्यांनी घरच्यांच्या मर्जीने लग्न केले, मुले वाढवली, बायको गेल्यावर ते इथे पुन्हा येऊ लागले. त्यांचा सल्ला ठरलेला आहे: आईवडील आहेत तोवर गप्प राहा, त्यांना कशाला दुखवायचे? त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे आणि त्यांचा हा सल्ला मला पटत नाही. आईवडिलांच्या मरणाची वाट पाहत जगणे, यात आईवडिलांचाही मान राहत नाही.

या महिन्याच्या सुरुवातीला चुसोकसाठी, म्हणजे सुगीच्या सणासाठी, तो देगूला गेला. त्यांच्या घरी पूर्वजांना नैवेद्य दाखवत नाहीत, त्याऐवजी स्मरणप्रार्थना होते; पण तिच्यानंतर एकुलत्या एका मुलाला लग्नाचे विचारायचे, हा परिपाठ ख्रिस्ती घरातही तोच. परतताना आईने डबे बांधून दिले होते: मुरवलेली पेरिलाची पाने, सोया सॉसमध्ये शिजवलेले मांस, आणि जन, म्हणजे पिठात घोळवून तव्यावर तळलेले काप. सगळ्यांत खाली एक वेगळा डबा होता. त्यात फक्त भोपळ्याचे आणि बटाट्याचे जन होते आणि झाकणावर चिकटपट्टी लावून आईने पेनने लिहिले होते, ‘मित्रासाठी, गोमांस नाही’. तळणाच्या तेलाचा वास लागू नये म्हणून त्या माउलीने माझे जन वेगळ्या तव्यावर केले होते, हे तिने फोनवर दोनदा सांगितले. गेल्या वर्षी ती आमच्याकडे दोन दिवस राहून गेली, तेव्हा आम्ही दोन गाद्या दोन खोल्यांत घातल्या होत्या. तिने त्या पाहिल्या, आणि सकाळी दोन्ही स्वतः घडी करून एकाच कपाटात एकावर एक ठेवल्या. तिला कळले आहे, असे तो म्हणतो. मलाही तसेच वाटते. परंतु आईला कळले असणे आणि आईला सांगितलेले असणे यांत फार अंतर आहे. ते अंतर न तुटल्यामुळे ती बाई सणाच्या दिवशी जावांच्या घोळक्यात एकटीच गप्प बसत असणार, याचाही विचार करायला हवा.

मी सांगलीचा. माझ्या आईला मी सांगितले आहे आणि बाबांना सांगायचे धैर्य तिने आणि मी मिळून अजून गोळा करतो आहोत, त्यामुळे मी हे वरच्या पायरीवरून लिहीत नाही. भारतात ६ सप्टेंबर २०१८ रोजी आम्ही गुन्हेगार राहिलो नाही, आणि १७ ऑक्टोबर २०२३ रोजी आमच्या लग्नाचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने नाकारला. म्हणजे आम्ही दोघे कोठेही गेलो तरी दोन्हीपैकी एकाही देशात एकमेकांचे कोणी नाही. माझा व्हिसा संशोधकाचा आहे आणि करार पुढच्या ऑगस्टपर्यंतचा. कोरियन बाईशी लग्न केलेल्या परदेशी पुरुषाला इथे राहता येते, मला त्या वाटेने राहता येणार नाही. घरच्यांनी स्वीकारले म्हणून हा प्रश्न सुटेल असे नाही, पण निदान तो घरातला प्रश्न होईल, आणि त्याचा भार एकट्या त्याच्या मानेवर राहणार नाही.

सोल्लालला, म्हणजे चांद्र नववर्षाच्या सणाला, येत्या १७ फेब्रुवारीला, माझ्याबरोबर देगूला चल, असे त्याने आज जेवताना म्हटले. मित्र म्हणून नेणार असशील तर मी येणार नाही, असे मी त्याला स्पष्ट सांगितले. ते ऐकून तो रागावला नाही. आधी सुवॉनच्या थोरल्या बहिणीला सांगू, तिच्या मदतीने आईला आणि शेवटी वडिलांना, असा क्रम त्याने मांडला, आणि तो मला मान्य आहे. बहीण पुढच्या महिन्यात सोलला येणार आहे. आम्ही वही काढून बोलायची वाक्ये लिहायला घेतली. पहिले वाक्य सोपे गेले: हा माझा मित्र नाही, मी याच्याबरोबर आयुष्य काढणार आहे. त्याच्यापुढे त्याला लिहायचे आहे, की इतकी वर्षे लपवल्याबद्दल मला क्षमा कर. आणि मी म्हणतो की ज्याला लपवायला लावले त्याने क्षमा मागू नये. तो म्हणतो, क्षमा मागितल्याशिवाय आमच्या घरात कोणतेच अवघड बोलणे सुरू होत नाही, आणि बहिणीसमोर तर नाहीच. रात्रीचा एक वाजला तरी त्या वाक्यावर आमचे एकमत झालेले नाही.