सगळा साग आहे हो!

गुहागरकडचं जुनं घर उतरवून त्याचं लाकूड आमच्या मिलवर चिरायला आलं. मालक टेम्पोतून उतरतानाच म्हणाले, "सगळा साग आहे हो, आजोबांनी निवडून घातलेला." चुलीचा धूर आणि काजूच्या टरफलाचं तेल खाऊन सगळी लाकडं सारखीच काळी झाली होती.

पहिला खांब करवतीच्या पट्ट्याखाली गेला आणि सागाचा तो कातड्यासारखा तेलकट वास आला. मालक खूश. मग तुळई घेतली. दोघांना उचलेना. खिळे काढले, त्यांच्याभोवती लाकूड शाईसारखं निळं-काळं झालेलं. पट्ट्याचा आवाज बदलला, आत गडद तपकिरी रेषा. हा साग नव्हे, ऐन नावाच्या जंगली झाडाचं लाकूड. दाराच्या फळ्यांतून पिवळाधमक भुसा उडाला, तो फणस.

"म्हणजे फसवलं की आजोबांना," मालकांचा चेहरा पडला.

मी म्हटलं, "काका, फसवलं नाही, सुताराला लाकूड कळत होतं." ओल आणि वाळवी जमिनीकडून येते, म्हणून खांब सागाचे, त्यातल्या तेलामुळे वाळवी लांब राहते. वर कौलांचा भार, तिथे ऐन. सुका साग घनफुटाला 18-19 किलो, ऐन 24-25. ऐन वाळताना तडकतो, भोक पाडल्याशिवाय खिळा घेत नाही, हे खरं. पण नीट वाळवून छपराखाली घातला की पिढ्यान्‌पिढ्या वाकत नाही. या तुळईला दोरी लावून पाहिली, सरळ होती.

आज मिलवर येणारं जवळपास प्रत्येक गिऱ्हाईक साग मागतं. बल्लारशाचा परवडला नाही तर घानाचा, इक्वेडोरचा चालेल, पण साग हवा. सागाचं नाव उगाच झालेलं नाही. तो वाळल्यावर पिळत नाही, रंध्याखाली सरळ उतरतो. पण म्हणून ऐन नि किंजळ अशी जंगली लाकडं जळाऊच्या ढिगात जावीत, हे मला बघवत नाही. लाकूड वाळेपर्यंत थांबायची आणि भोक पाडून खिळा मारायची तयारी असलेला सुतार मिळाला तर त्या ढिगातूनच घराच्या तुळया निघतील.

मालकांनी तुळया नव्या पडवीला ठेवल्या, फणसाच्या फळ्यांचं देवघर करायचं ठरलं. सागाचे खांब विकायला काढले. त्यांना संध्याकाळच्या आत गिऱ्हाईक मिळालं, भावही न पाडता.