तुम्ही विचारलंत म्हणून : यमूची गोष्ट आणि आमचे मागीलदार

साताऱ्यात आम्ही काही जणी महिन्यातून एकदा वाचायला जमतो. तिथे हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’चा विषय निघाला की कोणीतरी मला हटकून विचारते, “पुरुषाने लिहिलेल्या कादंबरीला तुम्ही स्त्रीवादी कशी म्हणता?”

हा शब्द आपट्यांच्या काळी नव्हता, हे मान्य. पाल्हाळ आहे, हेही मान्य. परंतु ‘करमणूक’ या साप्ताहिकातून १८९० पासून क्रमशः आलेली ही कादंबरी यमू स्वतः सांगते, आणि तिच्या सांगण्यातून घर नावाची व्यवस्था कशी चालते ते दिसते : नवऱ्याकडून लिहायला-वाचायला शिकणे सासरी कसे खुपते, मुंबईच्या बिऱ्हाडात तिला कशी मोकळीक मिळते, आणि नवरा गेल्यावर तिची गत केशवपनापर्यंत कशी येते. त्याच कादंबरीत यमूची आई वारते तेव्हा वडील दुसरे लग्न करतात. जोडीदार दोघांचाही गेला. एकाला नवा संसार, दुसरीला वस्तरा. या दोन प्रसंगांमध्ये बरीच पाने आहेत, त्यांची सांगड आपण घालायची. स्त्रीवादी म्हणण्यास मला एवढे पुरते.

अर्थात हे मला आधी पुस्तकातून कळले, असे म्हणता येणार नाही. वाईला आमच्या वाड्यात वडिलांची आत्या होती. तिला सगळे आक्का म्हणत. ती लाल आलवण नेसे. दर पंधरा दिवसांनी मागीलदारी न्हावी येई, विहिरीजवळच्या धोंड्यावर आक्का घराकडे पाठ करून बसे, आणि आम्हा मुलांना ओटीवर पिटाळले जाई. एकदा मी खांबाआडून पाहिले. केस जेमतेम नखाएवढे वाढलेले, पांढरेशुभ्र. ते धोंड्यावर पडले की दिसतसुद्धा नसत. मग घागरभर पाणी डोक्यावरून घेऊन ती काही न बोलता आत जाई.

केशवपनाविरुद्ध लिहिणारे आगरकर कऱ्हाडजवळच्या टेंभूचे, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातले. १८९० मध्येच मुंबईत कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी विधवांचे केस न कापण्याचा ठराव केला होता. आमच्या मागीलदारापर्यंत तो सत्तर वर्षांतही पोहोचला नव्हता.

आक्काच्या भावाची, म्हणजे माझ्या आजोबांची, तीन लग्ने झाली. तिसऱ्या लग्नाचे लाडू आक्काने सोवळ्यात वळले. मांडवात मात्र ती आली नाही.

१९६६ च्या पावसाळ्यात मी तिला ही कादंबरी रोज संध्याकाळी वाचून दाखवली. केशवपनाच्या प्रकरणाशी माझा आवाज अडखळला, तेव्हा “पुढं वाच” एवढेच ती म्हणाली. तिने मला थांबवले होते ते त्याच्या कितीतरी आधी, यमूच्या वडिलांच्या दुसऱ्या लग्नापाशी.

“ती नवी पोर केवढी होती गं?”

मी पाने मागे उलटून शोधू लागले. आक्का वाती वळीतच होती, पण तिची नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे होती. आत आजी भाकरी थापत होती. तिसरेपणावर या घरात आली तेव्हा ती तेरा वर्षांची होती.