राखण

मराठी पवित्र शास्त्रात उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायातले पंधरावे वचन सांगते की देवाने मनुष्याला एदेन बागेत ठेवले ते तिची मशागत आणि राखण करण्यासाठी. लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात हे वचन पाठ करताना मला त्यातला एकही शब्द अडला नाही, कारण कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागातल्या आमच्या गावात मशागत आणि राखण हे रोजच्या बोलण्यातले शब्द होते. भातात दाणा भरू लागला की आज्जा घोंगडे, बॅटरी आणि पत्र्याचा डबा घेऊन शेतातल्या माळ्यावर निजायला जात. निजायला असे म्हणायचे एवढेच, कारण रात्रभर डबे वाजत आणि या माळ्यावरून त्या माळ्यावर हाळी जात असे. राखण गव्यांपासून आणि रानडुकरांपासून करायची, हे आम्हा मुलांना पक्के ठाऊक होते.

ज्या वचनावर चर्चमधील पर्यावरणाच्या बहुतेक प्रवचनांचा पाया असतो, त्यातला हा शब्द आमच्याकडे असा दुहेरी आहे. फादर वेदीवरून सृष्टीची राखण करा असे सांगतात, तेव्हा बाकावर बसलेल्या शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर आदल्या रात्री गव्यांनी तुडवलेले शेत उभे राहते. या दोन राखणी एकमेकींना भेटल्याशिवाय आपल्या धर्मग्रामांमधील, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या समाजांमधील, पर्यावरणाचे काम खरे होणार नाही, असे मला गेल्या काही वर्षांत फार तीव्रतेने वाटू लागले आहे.

पोप फ्रान्सिस यांनी 24 मे 2015 रोजी ‘लाउदातो सी’ या सृष्टीच्या काळजीविषयीच्या परिपत्रावर सही केली. त्यात त्यांनी याच वचनाचा अर्थ उलगडला आहे. मशागत म्हणजे जमीन कसणे आणि राखण म्हणजे सांभाळणे, रक्षण करणे, लक्ष ठेवणे. माणसाने आपल्या पोटापुरते जमिनीतून घ्यावे, पण तिला जपून पुढच्या पिढ्यांच्या हाती द्यावे, असे ते सांगतात. त्याच वर्षी त्यांनी 1 सप्टेंबर हा सृष्टीसाठी प्रार्थनेचा दिवस कॅथलिक चर्चसाठीही ठरवला. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये तो 1989 पासून पाळला जात होता. आता 1 सप्टेंबरपासून 4 ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे असिसीच्या संत फ्रान्सिसच्या सणापर्यंत, अनेक पंथांची चर्चे सृष्टीचा काळ पाळतात. आमच्याकडे नेमक्या याच दिवसांत भात पोटरीला येते आणि 8 सप्टेंबरला, पवित्र मरियेच्या जन्माच्या सणाला, हळव्या, म्हणजे लवकर पिकणाऱ्या, भाताची पहिली कणसे आम्ही चर्चमध्ये आशीर्वादासाठी नेतो. रात्रीची राखण सुरू होते तीही याच सुमारास.

आपण राहतो तो प्रदेश किती मोलाचा आहे, हे आपल्याच लोकांना पुरेसे माहीत नाही याची मला खंत वाटते. कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा पूर्वेकडे कृष्णेला मिळायला जाते आणि याच तालुक्यात उगम पावणारी म्हादई पश्चिमेकडे गोव्यात उतरून समुद्राला मिळते, म्हणजे आमच्या डोंगरांवर पडलेले पावसाचे पाणी दोन समुद्रांना वाटले जाते. भीमगडच्या रानाला 2011 साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. तेथील तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेत राउटनचे वटवाघूळ राहते. शास्त्राला त्याची ओळख 1913 साली झाली आणि पुढे जवळजवळ नव्वद वर्षे जगात त्याचे हे एवढेच ठिकाण माहीत होते. मेघालयात आणि कंबोडियात ते सापडले ते फार नंतर. आपल्या लोकांत वटवाघळाला अशुभ मानतात. पण जो जीव जगात इतक्या थोड्या जागी उरला आहे आणि त्यातली एक जागा आपल्या शेजारी आहे, त्याच्यासाठी आपल्या चर्चमध्ये एकदाही प्रार्थना झालेली मी ऐकली नाही.

आपल्या चर्चमध्ये पर्यावरण म्हटले की रोपे लावली जातात. दरवर्षी जूनमध्ये आवारात रोपे लागतात, फोटो निघतात आणि ईस्टर येईपर्यंत त्यांतली निम्मी वाळलेली असतात. रोपे लावूच नयेत असे माझे म्हणणे नाही. परंतु जेथे चार किलोमीटरवर उभे जंगल आहे, तेथे ते जंगल आणि त्याच्या काठावरचा शेतकरी यांचे कसे जमेल हा प्रश्न पन्नास रोपांपेक्षा कितीतरी मोठा आहे. शेतकऱ्याचा धीर सुटला की तो कुंपणात चोरून वीज सोडतो, आणि त्या तारेला रानडुकराबरोबर एखादे दिवशी शेजारचा माणूसही चिकटतो.

पवित्र शास्त्रातल्या निर्गम या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात देवाची आज्ञा आहे की सातव्या वर्षी शेत पडीक ठेवावे, म्हणजे त्यातले गोरगरिबांनी खावे आणि त्यांच्याकडून उरेल ते वनपशूंनी खावे. गरीब आणि वनपशू येथे एकाच वाक्यात आले आहेत, आणि त्यांचा क्रमही ठरलेला आहे. आमच्याकडे गव्याने खाल्लेले शेत बहुधा गरिबाचेच असते. वनपशूंच्या वाट्याचा भार एकट्या त्याने का सोसावा? नुकसानीची भरपाई सरकारकडून मिळते, पण त्यासाठी वेळेत पंचनामा हवा, उतारा हवा, अर्ज हवा, आणि अर्ज कन्नडमध्ये लिहावा लागतो. आमच्या गावातील म्हातारी माणसे मराठी शाळेत शिकलेली आहेत. माझ्या थोरल्या भावाने एका वर्षी अर्धे शेत गेल्यावरही अर्ज केला नाही, कारण कार्यालयात दोन फेऱ्या मारून तो थकला होता. आपल्या धर्मग्रामांतल्या सिस्टर आणि कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मुले दोन्ही भाषा सहज लिहितात. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, झाल्यावर चर्चच्या ओसरीवर एक टेबल मांडून, हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती अशा कोणत्याही शेतकऱ्याचा अर्ज त्यांनी लिहून द्यावा. वन्यजीवांसाठी आपण करू शकू अशा कामांत मी याला पहिले स्थान देईन. ज्याला भरपाई मिळते त्याचा हात विजेच्या तारेकडे सहसा जात नाही.

याच वाटेने इतरत्र काम झालेले आहे. पोर्तुगालमध्ये 1983 साली ख्रिस्ती लोकांनी सुरू केलेली ‘आ रोशा’ ही संस्था आज अनेक देशांत आहे, आणि तिच्या भारतीय शाखेने बंगळुरूजवळच्या बन्नेरघट्ट परिसरात हत्ती आणि शेतकरी यांच्यातील संघर्षावर काम केले आहे. इथिओपियाचे उदाहरण तर आपल्याला फारच जवळचे वाटावे. तेथील उत्तरेच्या डोंगराळ भागात बहुतेक जंगल शेतीखाली गेले, पण ऑर्थोडॉक्स चर्चांभोवतीची रानाची वर्तुळे टिकून राहिली, कारण चर्चभोवतीचे झाड तोडायचे नाही अशी तेथे श्रद्धा आहे. गुरे आत शिरून कोवळी रोपे खाऊ नयेत म्हणून आता अनेक गावांनी या रानांना दगडी गडगे घातले आहेत आणि त्या कामी आलेमायेहू वासे या वनशास्त्रज्ञाने गावकऱ्यांना आणि धर्मगुरूंना साथ दिली. हे वाचताना मला आपल्याकडच्या देवराया आठवल्या. आमचे शेजारी जी देवराई पिढ्यान्‌पिढ्या राखत आले, तिच्यापुढे आपण ख्रिस्ती लोकांनी नम्रतेने उभे राहिले पाहिजे, कारण आपल्या देवाने सांगितलेले काम त्यांनी आपल्याआधी केले आहे.

आपल्याकडे तेवढी मोठी जागा नाही, पण कबरस्तान आहे. 2 नोव्हेंबरच्या मृतांच्या दिवसाआधी ते साफ करायचे म्हणून पूर्वी गवत विळ्याने कापत. अलीकडे तणनाशक मारतात किंवा पेटवून देतात, आणि बिया धरलेले तेरडे, गवतात घरटे केलेली मुनिया, सरडे असे सगळे त्यात जाते. पवित्र शास्त्रातल्या अनुवाद या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात वाटेत पक्ष्याचे घरटे सापडले तर पिलांबरोबर आईला धरू नये, अशी बारीक आज्ञा आहे. जो देव घरट्याची एवढी काळजी घ्यायला सांगतो, त्याच्या नावाने आशीर्वादित केलेल्या जमिनीवर आपण विष मारतो, हे मला पाहवत नाही.

गेल्या वर्षी आमच्या धर्मग्रामाच्या बैठकीत मी हा विषय काढला. बराच वेळ चर्चा झाली. काहींना पूर्वजांच्या कबरी गवतात बुडालेल्या नको होत्या, आणि त्यांचे म्हणणे मला समजत होते. शेवटी कबरींभोवतीचे गवत विळ्याने कापायचे आणि मागच्या गडग्यालगतचा पट्टा, जेथे आता कुणाला पुरत नाहीत, तो डिसेंबरपर्यंत तसाच ठेवायचा असे ठरले. अर्जांच्या टेबलाचे मात्र अजून ठरायचे आहे. यंदा 8 सप्टेंबरला भाऊ कणसे घेऊन आला, तेव्हा त्याच्या डोळ्यांत जागरण होते, आणि फादरांनी आशीर्वाद देण्याआधी त्याला विचारले की रात्री किती गवे आले होते.