४.९ वरून ५.१०: डिस्क मंदावली की रांग बदलली?

दुकानातल्या संगणकाचा लिनक्स कर्नल (सिस्टिमचा गाभा) ४.९ वरून ५.१० झाल्यावर मंदपणाच्या तीन तक्रारी आल्या. त्यांपैकी दोनांचं मूळ सापडलं, तिसरीचा माग अजून काढतोय. इथवरची नोंद लिहून ठेवतो.

मशीन दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावच्या दुकानातलं. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म आणि लग्न-साक्षगंधाच्या व्हिडिओंची साठवण, सगळं एकाच डब्यावर चालतं. जुना आय-३, ८ जीबी रॅम, ७२०० आरपीएमची १ टीबी सॅटा डिस्क. डेबियन ९ (लिनक्सची एक सिस्टिम) होतं तोवर कर्नल ४.९ होता, डेबियन ११ घातल्यावर ५.१० आला. त्यानंतर तीन गोष्टी जाणवल्या. मोठे व्हिडिओ कॉपी होत असताना दुसरं काहीही उघडायला फार वेळ लागतो. हजारो फोटोंचं फोल्डर चाळणं जड झालं. आणि बिलं लिहायच्या छोट्या प्रोग्रामात प्रत्येक नोंद किंचित अडखळते.

तुलना करण्याआधी एक पथ्य ठरवलं: दोन्ही कर्नल एकाच डेबियन ११ मध्ये, एकाच पार्टिशनवर बसवायचे आणि ग्रब या सुरुवातीच्या मेनूमधून हवा तो निवडायचा. फिरत्या डिस्कवर याला पर्याय नाही. प्लॅटरच्या, म्हणजे डिस्कमधल्या तबकडीच्या, बाहेरच्या कडेला एका फेऱ्यात जास्त सेक्टर (माहितीचे कप्पे) मावतात, आतल्या कडेला कमी. त्यामुळे डिस्कच्या सुरुवातीचा वेग शेवटच्या भागाच्या जवळपास दुप्पट असू शकतो. जुनी सिस्टिम पहिल्या पार्टिशनवर आणि नवी शेवटच्या पार्टिशनवर ठेवून वेग मोजला, तर कर्नलवर नसलेला दोष त्याच्या माथी बसतो. दर चाचणीआधी पेज कॅश (रॅममध्ये राहिलेली फायलींची प्रत) रिकामा केला आणि सीपीयू गव्हर्नर, म्हणजे प्रोसेसरचा वेग ठरवणारी सेटिंग, परफॉर्मन्सवर बांधला. चाचण्या पहाटे घेतल्या. मे महिन्यात आमच्याकडे दुपारी पारा ४५ च्या आसपास असतो, तेव्हा प्रोसेसर तापून स्वतःच वेग कमी करतो. संध्याकाळी गावभर कूलर सुरू झाले की व्होल्टेज खाली येतं. असे आकडे कशाशीच ताडून पाहता येत नाहीत.

पहिला निकाल असा की सलग वाचनाचा वेग दोन्ही कर्नलवर सारखाच आला. एफआयओ या डिस्कचा वेग मोजणाऱ्या प्रोग्रामने एकच मोठी फाईल सरळ वाचली तर ४.९ आणि ५.१० मधला फरक चाचणीच्या दोन फेऱ्यांमधल्या नेहमीच्या फरकाहून जास्त नव्हता. म्हणजे डिस्क, केबल, सॅटा ड्रायव्हर हे सगळं ठीक. मंदपणा एकाहून जास्त कामं एकदम चालू असतानाच दिसत होता, म्हणून चाचणीही तशीच केली: एका बाजूला सलग मोठं वाचन, दुसऱ्या बाजूला विखुरलेल्या छोट्या फायलींचं वाचन. इथे मात्र छोट्या वाचनाला लागणारा वेळ ५.१० वर कित्येक पटींनी वाढला.

आता शेड्युलर, म्हणजे डिस्ककडे जाणाऱ्या विनंत्यांचा क्रम ठरवणारा कर्नलचा भाग, पाहिला. ४.९ वर सीएफक्यू चालू होता, ५.१० वर एमक्यू-डेडलाइन. ही गोष्ट लिनक्सच्या इतिहासातली आहे आणि नीट समजून घेण्यासारखी आहे. ब्लॉक लेयरची (कर्नलमधल्या डिस्कशी बोलणाऱ्या थराची) बहुरांगी रचना, म्हणजे बीएलके-एमक्यू, जानेवारी २०१४ च्या ३.१३ मध्ये आली. सेकंदाला लाखो विनंत्या झेलणाऱ्या एसएसडींसाठी जुन्या रचनेतली एकच रांग आणि तिचं एकच लॉक पुरत नव्हतं. मार्च २०१९ च्या ५.० मध्ये जुनी एकरांगी रचना कायमची गेली, आणि तिच्यासोबत सीएफक्यू, जुना डेडलाइन आणि नूप हे शेड्युलरही गेले.

सीएफक्यू प्रत्येक प्रोसेसला, म्हणजे चालू प्रोग्रामला, डिस्कच्या वेळेचा वाटा देत असे. व्हिडिओ कॉपी करणाऱ्याची पाळी संपली की पीडीएफ उघडणाऱ्याची. एका प्रोसेसचं वाचन पूर्ण झालं तरी त्याच्या पुढच्या विनंतीसाठी थोडं थांबून पाहायचा. हे थांबणं मूळ सेटिंगमध्ये ८ मिलिसेकंद असे. एमक्यू-डेडलाइन प्रोसेस ओळखत नाही. तो विनंत्या सेक्टरच्या क्रमाने लावतो आणि वाचनाची विनंती साधारण अर्ध्या सेकंदाहून जास्त खोळंबली की तिला पुढे आणतो. एका विनंतीला अर्धा सेकंद फार वाटत नाही. पण प्रोग्राम उघडणं म्हणजे विनंत्यांची साखळी असते: एक लायब्ररी (प्रोग्रामला लागणाऱ्या तयार कोडची फाईल) वाचल्यावर पुढची कुठली लागणार ते कळतं, मग ती मागायची, मग तिच्यासाठी थांबायचं. प्रत्येक कडीला थोडा उशीर झाला तरी सगळी बेरीज कित्येक सेकंदांवर जाते. सलग वाचणाऱ्याच्या विनंत्या मात्र आधीच पुढे मागून ठेवलेल्या असतात, त्यामुळे त्याला फारसा फरक पडत नाही. म्हणून कॉपीचा वेग जसाच्या तसा आणि समोरचा माणूस ताटकळलेला.

एकरांगी रचना गेली तरी प्रोसेसनिहाय वाटणी करणारा शेड्युलर उरला आहे. पाओलो व्हालेंते यांचा बीएफक्यू २०१७ च्या ४.१२ मध्ये कर्नलमध्ये आला. ५.१० वरच, बाकी कशालाही हात न लावता, फक्त शेड्युलर बदलून बीएफक्यू केला आणि तीच मिश्र चाचणी पुन्हा चालवली. छोट्या वाचनाचा वेळ ४.९ च्या जवळ आला. कॉपी थोडी हळू झाली, पण दुकानात गिऱ्हाईक समोर उभं असताना मला हा सौदा पूर्ण मान्य आहे. फिरत्या डिस्कांवर बीएफक्यू आपोआप लागेल असा युडेव्हचा (उपकरण दिसलं की सेटिंग लावणाऱ्या सोयीचा) नियम लिहून ठेवला. पहिली तक्रार संपली, आणि त्यासाठी कर्नल बांधावाही (कंपाइल करावाही) लागला नाही.

दुसऱ्या तक्रारीत डिस्कचा संबंधच निघाला नाही. फोटोंचं फोल्डर दुसऱ्यांदा चाळलं तेव्हा सगळा मजकूर कॅशमध्ये होता, आयओस्टॅट या डिस्कची हालचाल दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये डिस्क स्वस्थ होती, तरी ५.१० मागेच. वेळ जात होता तो प्रोसेसरचा, तोही कर्नलच्या खात्यावर. हजारो फायलींची माहिती विचारणं म्हणजे हजारो सिस्टिम कॉल (प्रोग्रामने कर्नलकडे केलेल्या मागण्या), आणि जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन-स्पेक्टर हे प्रोसेसरमधले सुरक्षेचे दोष उघड झाल्यापासून त्यांवरच्या उपायांमुळे जुन्या इंटेल प्रोसेसरवर कर्नलमध्ये शिरण्या-निघण्याची किंमत वाढली आहे. माझा ४.९ हा २०१७ च्या डीव्हीडीवरचा, कधीच अपडेट न झालेला. ४.९ च्या मालिकेतही हे उपाय २०१८ च्या जानेवारीत आले, त्यामुळे नुसतं ‘४.९ वेगवान होता’ म्हणून भागत नाही, पूर्ण क्रमांक सांगावा लागतो. ५.१० ला बूटच्या वेळी मिटिगेशन्स (हेच उपाय) बंद करायला सांगितल्यावर फरक जवळपास मिटला. खात्री झाली आणि ते लगेच पुन्हा चालू केले. या मशीनवर लोकांची आधार कार्डं आणि बँकेची पासबुकं स्कॅन होतात. वेगासाठी तेवढी जोखीम घ्यायची नाही.

तिसरी तक्रार खरी अवघड. बिलाचा प्रोग्राम एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस वापरतो आणि प्रत्येक नोंदीला एफसिंक, म्हणजे मजकूर खरंच डिस्कवर पोचल्याची हमी, मागतो. ७२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला १२० फेरे मारते, एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद. ईएक्सटी-४ फाईलसिस्टिमच्या एका एफसिंकमध्ये जर्नलचं (बदलांच्या नोंदवहीचं) लिहिणं आणि कॅश फ्लश (डिस्कच्या कॅशमधला मजकूर तबकडीवर उतरवणं) दोन्ही येतात, म्हणून अशा डिस्कवर सेकंदाला काही डझन एफसिंक हेच प्रामाणिक उत्तर. हजारात आकडा आला तर कुठेतरी फ्लश गळतोय असं समजावं. माझे आकडे दोन्ही कर्नलवर प्रामाणिक आहेत, ५.१० चे थोडे कमी आहेत एवढंच. माउंटचे (पार्टिशन जोडण्याचे) पर्याय, बॅरिअर (फ्लशची सक्ती) आणि डिस्कचा राइट कॅश (लिहायचा मजकूर आधी धरून ठेवणारी मेमरी) दोन्हीकडे सारखे आहेत. बॅरिअर बंद केलं की आकडा उड्या मारतो, पण आमच्याकडे लाईन कधी जाईल याचा नेम नाही, तेव्हा तो रस्ता नकोच.

थेट गिट बायसेक्टला, म्हणजे बदलांची यादी अर्धी-अर्धी करत दोषी बदल शोधण्याला, हात घालणार नाही. कर्नलच्या एका आवृत्तीत साधारण १३ ते १५ हजार कमिट (बदल) असतात. ४.९ पासून ५.१० पर्यंत तब्बल तीन लाखांच्या आसपास, म्हणजे अठराएक पायऱ्या, आणि या आय-३ वर दर पायरीला कर्नल बांधायचा. आधी दीर्घकालीन आवृत्त्यांची शिडी चढतो: ४.१४, ४.१९, ५.४. फरक कुठल्या दोघांत पडतो ते कळलं की शोधाचा पल्ला बराच आखडतो. मग लोकलमॉडकॉन्फिगने, म्हणजे मशीनवर वापरात असलेलेच भाग निवडणाऱ्या सोयीने, फक्त लागणारी मॉड्यूलं ठेवली की बांधणी रात्रीतून उरकावी. त्याहीआधी ताजा मेनलाइन (मुख्य शाखेचा) कर्नल चालवून बघणार. तिथे फरक नाहीसा झाला असेल तर दुरुस्ती आधीच झालेली आहे, आणि कर्नलवाले हाच प्रश्न सगळ्यात आधी विचारतात.

कोणाकडे ७२०० ची जुनी डिस्क आणि दोन कर्नल असतील तर एफआयओमध्ये ४ केबीचं लेखन, प्रत्येक लेखनानंतर एफसिंक, एकच जॉब, एक मिनिट, एवढीच चाचणी चालवा. सोबत कर्नलचा पूर्ण क्रमांक, शेड्युलरचं नाव, राइट कॅश चालू की बंद आणि पार्टिशन डिस्कच्या कुठल्या भागात आहे, ते टिपून ठेवा.