तुम्हाला सांगायचं कुणी?

2011 साली शिरोली एमआयडीसीत भाड्याच्या शेडमध्ये आम्ही बिडाचं (कास्ट आयर्नचं) ओतकाम सुरू केलं. ऑइल इंजिनांच्या जमान्यापासून कोल्हापुरात ओतकामाचं ज्ञान हाताहातांत आहे, माणसं मिळायला अडचण आली नाही. ती माणसं सांभाळायची कशी, हे मात्र मला ठाऊक नव्हतं. आधी नोकरी केली तिथं ओरडल्याशिवाय काम होत नाही असंच पाहिलेलं. मीही तेच करू लागलो.

पहिल्याच पावसाळ्यात पंप हाउसिंगचा अख्खा लॉट परत आला. वरून कास्टिंग चकचकीत, पण गिऱ्हाइकाकडं लेथवर पहिला कट घेतला आणि आत ब्लो होल, म्हणजे पोकळ छिद्रं. मालाचे पैसे गेलेच, मशिनिंगचा खर्चही आमच्या नावावर पडला. मी मोल्डिंगच्या, म्हणजे वाळूचे साचे करणाऱ्या मिस्त्रींना सगळ्यांदेखत नको ते बोललो आणि त्यांची हजेरी कापली. वयानं ते माझ्या वडिलांएवढे. दुसऱ्या दिवसापासून ते आलेच नाहीत.

चौथ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चहा दिला, मग म्हणाले, ‘‘मालक, वाळू ओली हाय हे त्या दिशी सकाळीच हाताला कळलं हुतं. पर तुम्हाला सांगायचं कुणी? आदल्या आठवड्यात एकानं भट्टी थांबवा म्हटलं, तर तुम्ही त्याला घरी धाडलासा.’’

ते खरं होतं. वाळूत तीन-चार टक्क्यांच्या वर पाणी गेलं की तापलेला रस पडताच वाफ होते, ती बाहेर निघाली नाही तर बिडात पोकळी राहते. हे मी डिप्लोम्यात शिकलो होतो. शेडमध्ये मात्र ते सांगायची कुणाची छातीच होऊ नये, असं मीच करून ठेवलं होतं.

कापलेली हजेरी मी सगळ्यांसमोर परत दिली आणि माफी मागितली. जीभ जड झाली होती. त्या दिवसापासून नियम एकच केला: साच्याच्या पेटीत काही खटकलं तर हेल्परनंही ओतकाम थांबवायचं, त्याला जाब विचारायचा नाही. सुरुवातीचे दोन महिने कुणीच थांबवलं नाही. विश्वास बसायला तेवढा वेळ लागलाच.

मग एका सकाळी नव्या पोरानं हात वर केला. मिस्त्रींनी मूठभर वाळू दाबली, गोळा मोडला. कड स्वच्छ तुटली नाही, तळहाताला चिकटली. रस तयार होता, वीजबिल डोळ्यांसमोर दिसत होतं. मी म्हणालो, ‘‘थांबवा.’’