तुम्ही विचारलंत म्हणून : नगरचं मिशन कुणी उभं केलं?

मी नगरचा ख्रिस्ती आहे असं कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "म्हणजे इंग्रजांनी मिशन आणलं, त्यातले तुम्ही?" विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा वाकडं काही नसतं. राज्य आलं, मागोमाग पाद्री आले, असंच आपण सगळे ऐकत आलो. नगरची हकिगत मात्र निराळी आहे, आणि ती नीट सांगितली जावी असं मला मनापासून वाटतं.

आमचं मिशन अमेरिकन. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट फेब्रुवारी 1813 मध्ये मुंबईला उतरले, तेव्हा कंपनी सरकारला ते नकोच होते. कलकत्त्यात त्यांना आधीच निघून जायला फर्मावलं होतं. त्यात इंग्लंड-अमेरिकेचं युद्ध पेटलेलं, म्हणजे हे शत्रूच्या मुलखातले. मुंबईतूनही हद्दपारीचा हुकूम निघाला. दोघे जहाजानं कोचीनपर्यंत निसटले, तिथून परत आणले गेले. गव्हर्नर नेपियन यांना त्यांनी कळकळीचं पत्र लिहिलं. पुढे विलायतेत कंपनीची सनद बदलली, मिशनऱ्यांना वाट मोकळी झाली आणि ते राहिले.

मुंबईतली पुढची वर्षं कष्टाची गेली. मराठी शिकले, शाळा काढल्या, छापखाना घातला, 1826 मध्ये बायबलचा मराठी नवा करार छापून झाला. माणसं मात्र एकामागून एक जात होती. त्यांचे सहकारी सॅम्युएल न्यूएल 1821 मध्ये पटकीनं गेले. मार्च 1826 मध्ये हॉल नाशिक-त्र्यंबकच्या बाजूला गेले होते. तिकडे पटकीची साथ होती, जवळची औषधं त्यांनी वाटली. परतीच्या वाटेवर रात्री एका गावातल्या देवळाच्या ओसरीवर टेकले आणि तिथेच त्यांना पटकीनं गाठलं. सोबतच्या दोन मराठी मुलांनी त्यांना घोंगडीत गुंडाळून पुरलं. वय 41. मला या प्रसंगात ती दोन मुलंच जास्त दिसतात. परमुलखात, हाताशी कुणी वडीलधारं नाही, आणि आपल्या साहेबांना माती त्यांनाच द्यावी लागली.

मुंबईची हवा मानवत नव्हती आणि घाटावर एक ठाणं असावं असं मिशनला वाटत होतं. पाहणी झाली, नगर ठरलं. मोठी पेठ, कोरडी हवा, भोवती खेडीच खेडी. डिसेंबर 1831 मध्ये ॲलन ग्रेव्हज, हॉलिस रीड आणि विल्यम हर्वी नगरला आले. इतिहास सांगणारे बहुतेक जण इथे तीन नावं घेऊन थांबतात. माझा आक्षेप आहे तो इथेच. त्यांच्याबरोबर चौथा माणूस होता : बाबाजी रघुनाथ. कोकणातले ब्राह्मण, मिशनच्या कामात आलेले, त्याच वर्षी मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले.

नगरला तेव्हा आंधळे, पांगळे, म्हातारे, निराधार यांच्यासाठी एक गरीबखाना होता. मिशनचं सुरुवातीचं खरं काम तिथेच रुजलं. बाबाजी तिथे जात, त्यांच्याशी बोलत, त्यांच्यासोबत प्रार्थना करत. 1831 सालच्या एका ब्राह्मणानं तिथल्या माणसांत जाऊन बसणं म्हणजे काय, हे मराठी वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. साहेब बसला तर तो परका, त्याला सगळं माफ. बाबाजींचे मात्र सोयरेधायरे सुटले होते. नगरचे पहिले विश्वासी याच गरीबखान्यातून आले आणि 1833 मध्ये इथली मंडळी, म्हणजे चर्च, स्थापन झाली, तेव्हा त्यांच्यासोबत बाबाजी होते, मंडळीचे 'वडील' (एल्डर) म्हणून. ब्राह्मण आणि ज्यांना गावानं कोपऱ्यात टाकलं होतं ते, एका मंडळीत.

हर्वी तोवर गेले होते. मुंबईत उतरल्यावर थोड्याच दिवसांत त्यांची पत्नी वारली आणि मे 1832 मध्ये नगरला तेही पटकीनं गेले. एप्रिल 1833 मध्ये बाबाजींनाही त्याच रोगानं नेलं. दीड वर्षाच्या आत चौघांतले दोघे.

इंग्रजांचा आधार नव्हताच असं मी म्हणणार नाही. नगरला लष्करी छावणी होती, राज्य कंपनीचं होतं, आणि गरीबखान्याला गोऱ्या अधिकाऱ्यांच्या वर्गणीची मदत होती. हिंदू धर्माबद्दल त्या मिशनऱ्यांनी जे लिहून ठेवलं, त्यातलं पुष्कळ आज वाचताना मला दुखतं, आणि तेही सांगितलं पाहिजे. पण सरकारनं मिशन आणलं, हे म्हणणं टिकत नाही. सरकारनं त्यांना घालवायचाच प्रयत्न केला होता.

आणि पुढचं? 1842 मध्ये नगरलाच मिशनचं नियतकालिक 'ज्ञानोदय' सुरू झालं. 1839 पासून मिशनच्या सिंथिया फरार इथे मुलींच्या शाळा चालवत होत्या. नगरची ती शाळा पाहूनच पुण्यात मुलींची शाळा काढण्याचं मनात आलं, असं जोतीराव फुल्यांनी स्वतः सांगितलं आहे. फरारबाई 1862 मध्ये नगरलाच वारल्या.

रविवारच्या शाळेत मुलांना मंडळीची गोष्ट सांगायची माझ्यावर येते, तेव्हा मी चारही नावं घेतो, आणि बाबाजींचं आधी घेतो. मुलं विचारतात, त्यांच्या घरचे त्यांना पुन्हा भेटले का? मग आम्ही त्यावर बोलत बसतो, आणि तास त्यातच संपतो.